नवे ट्रेकिंग शूज पहिल्यांदा वाटेवर नेताना

माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं एकदा एकाच दिवसात काळी पडली. बूट नवे होते, चांगले होते, दुकानात तर पायाचं माप घेऊन शिवल्यासारखे वाटले होते. चढताना काहीच त्रास झाला नाही. माथ्यावर बसून मी सोबतच्यांना त्यांचं कौतुकही ऐकवलं. मग तीन तासांची उतरण सुरू झाली आणि पाऊण तासात लक्षात आलं की पावलागणिक अंगठा बुटाच्या पुढच्या टोकावर आपटतोय. आता परत फिरावं म्हणावं, तर आम्ही परतच निघालो होतो.

‘होतील हळूहळू सैल’ असं नव्या बुटांबद्दल सगळेच सांगतात. ते अर्धंच खरं आहे. बूट सैल होतो, पण लांब होत नाही. काही त्रास चालून चालून जातात आणि काही शंभर किलोमीटर चाललात तरी तसेच राहतात. नवे बूट पहिल्यांदा वाटेवर न्यायचे ते हे दोन प्रकार वेगळे ओळखण्यासाठी, आणि तेही घर जवळ असताना.

आधी घरात

बूट बाहेरच्या मातीला लागले की बहुतेक दुकानं ते परत घेत नाहीत. म्हणून पहिले दोन-तीन दिवस ते घरातच, स्वच्छ फरशीवर घाला. वेळ संध्याकाळची निवडा. दिवसभराच्या उभं राहण्या-चालण्याने पाय थोडे सुजलेले असतात आणि ट्रेकमध्येही ते तसेच सुजणार असतात. मोजे जे डोंगरात घालणार तेच हवेत. ऑफिसच्या पातळ मोज्यांवर घेतलेला अंदाज वाटेवर उपयोगाचा नाही.

इनसोल, म्हणजे बुटातली तळव्याखालची सुटी पट्टी, बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर पूर्ण वजन देऊन उभे राहा. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरली पाहिजे. लांब बोट म्हणजे अंगठाच असेल असं नाही, बऱ्याच जणांचं दुसरं बोट पुढे असतं. शिवाय दोन पाय क्वचितच सारखे असतात, तेव्हा माप मोठ्या पायाचं धरा. ब्रिटिश मापात एका नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, सुमारे ८.५ मिलिमीटर. अर्धा नंबर म्हणजे जेमतेम ४ मिलिमीटर. हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण माझी नखं तेवढ्याच फरकाने गेली.

एक गोष्ट नवख्यांना कुणी सांगत नाही. खोक्यातून काढलेला प्रत्येक बूट नवा असतोच असं नाही. पुष्कळ ट्रेकिंग बुटांच्या मधल्या थरात, म्हणजे मिडसोलमध्ये, पॉलियुरेथेन असतं. हवेतल्या ओलाव्याने ते वर्षानुवर्षं आतून विघटित होत राहतं, मग बूट कुणी घातला असो वा नसो. सवलतीत मिळालेली, बरीच वर्षं कपाटात पडून राहिलेली जोडी दिसायला कोरी असते आणि पहिल्याच दगडावर तिचा तळ सुटून येतो. मिडसोल बाजूने अंगठ्याने दाबून पाहा. भुगा सुटला, भेगा दिसल्या किंवा चिकटपणा जाणवला, तर ती जोडी वाटेवर नेऊच नका.

घरात दोन-तीन तास घाला, जिना असेल तर दहा-बारा वेळा चढा-उतरा. इथेच कुठे टोचलं तर ते बाहेर वाढणार आहे, कमी होणार नाही.

कुठली वाट

तुमच्या ओळखीची. नवे बूट आणि नवी वाट एकाच दिवशी नको. पाहायचं बुटांकडे असतं आणि वाट चुकली की सगळं लक्ष तिकडे जातं. एकूण ४ ते ६ किलोमीटर पुरे. त्यात थोडा चढ, बऱ्यापैकी उतार, काही दगडधोंडे आणि जमलं तर एखादा मुरमाड किंवा मोकळ्या मातीचा तुकडा असावा. गाडीरस्त्यावरच्या सपाट फेरीत चुकीच्या मापाचा बूटही बरा वाटतो. आणखी एक अट म्हणजे कुठूनही अर्ध्या-पाऊण तासात माघारी येता यायला हवं.

पहिल्या फेरीला पाऊस टाळा. ओल्यातली परीक्षा नंतर वेगळी घ्यायची आहे. दोन्ही एकत्र केल्या तर फोड बुटाने आला की ओल्या मोज्याने, हे सांगता येत नाही.

सॅक भरून न्या. मोठ्या ट्रेकला जेवढं वजन नेणार साधारण तेवढंच. पाठीवर वजन आलं की पाऊल किंचित पसरतं, लांबतं आणि बुटात पुढे सरकतं. रिकाम्या पाठीने बसलेलं माप भरल्या पाठीने बिघडू शकतं. त्या सॅकमध्ये तुमचे जुने, पायाला सरावलेले बूट ठेवा. हे ओझं अनेकांना नको वाटतं. पण पायात असलेलं वजन वाहायला पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा चार ते सहा पट शक्ती लागते, असं वजन वाहण्यावरच्या प्रयोगांत दिसलं आहे. त्या मानाने पाठीवरची जुनी जोडी फार दमवत नाही. सोबत कापडी किंवा कागदी चिकटपट्टी, छोटी कात्री आणि मोज्यांचा एक कोरडा जोड घ्या.

मोजे लोकरीचे किंवा सिंथेटिक असावेत. सुती मोजा घाम पिऊन ओला राहतो आणि ओली त्वचा कोरडीपेक्षा जास्त घासली जाते. पायाची नखं दोन दिवस आधी कापा, सरळ कापा. निघायच्या सकाळी कापलेल्या नखाची धार शेजारच्या बोटाला लागते.

मधुमेह असेल किंवा पायाची संवेदना कमी असेल तर मात्र यातलं काहीही करण्याआधी डॉक्टरांना विचारा. ही सगळी पद्धत ‘दुखलं तर कळेल’ यावर उभी आहे.

लेस

निम्म्या तक्रारी बुटाच्या नसतात, लेस बांधण्याच्या असतात. मी नवख्यांबरोबर जातो तेव्हा पहिली दहा मिनिटं यातच घालवतो आणि ती वाया गेली असं मला आजवर वाटलेलं नाही.

बूट घातला की बसल्या बसल्या टाच जमिनीवर दोनदा आपटा. पाऊल मागे जाऊन टाच तिच्या खोबणीत बसते. मग लेस खालून, बोटांच्या बाजूने, एकेक आडवा टप्पा ओढत वर या. नुसतं वरचं टोक खेचलं तर घोट्यापाशी फास बसतो आणि खाली सगळं सैल राहतं. बोटांवर लेस सैलसर हवी, पावलाच्या उंचवट्यावर घट्ट आणि घोट्यापाशी वाटेप्रमाणे.

प्रत्येक भागाला वेगळा ताण द्यायचा तर मध्ये अडसर लागतो. नेहमी लेसा एकमेकींभोवती एकदा गुंडाळतो, तिथे दोनदा गुंडाळून ओढा. जखम शिवताना डॉक्टर घालतात त्या जातीची ही गाठ आहे. तिच्या वरचा ताण खाली जात नाही आणि खालचा वर येत नाही. पाऊल जिथे घोट्याकडे वळतं त्या जागी ही एक गाठ घातली की टाच उचलली जाण्याची तक्रार बऱ्याचदा तिथेच मिटते.

तरीही टाच वर-खाली होत असेल आणि बुटाला वरती एक जास्तीचं भोक असेल, तर लेस समोरच्या बाजूला न नेता त्याच बाजूच्या वरच्या भोकात घाला. दोन्हीकडे एकेक छोटा फास तयार होईल. आता उजवी लेस डाव्या फासातून, डावी उजव्या फासातून ओवून ओढा. टाच मागे घट्ट धरली जाते. उलट, पावलाच्या वरच्या हाडावर दाब येत असेल तर तेवढ्या भागात लेस आडवी न नेता दोन्ही बाजूंनी सरळ वर न्या. दुखऱ्या जागेवर एक खिडकी मोकळी राहते.

शेवटची सुरगाठ बांधलीत की तिच्याकडे एकदा पाहा. गाठीचे दोन कान बुटाला आडवे पडले असतील तर गाठ बरोबर आहे. ते बुटाच्या लांबीत, एक बोटांकडे आणि एक घोट्याकडे असे वळले असतील, तर दुसरा वळसा उलट्या बाजूने घ्यायला हवा होता. ही वाकडी गाठ सारखी सुटते. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. पाऊल आपटताना बसणारा हादरा गाठ ढिली करतो आणि लेसची मोकळी टोकं झोके घेत तिला ओढून सोडवतात. लांब टोकं उरली असतील तर आडव्या लेसांखाली खोचा.

पहिली वीस मिनिटं

चालायला लागलात की गप्पा जरा बाजूला ठेवा. वीस मिनिटांनी थांबायचं, काही होत असो वा नसो. तोवर मोजे दबलेले असतात, पाय गरम झालेला असतो, लेस पहिल्यांदा सैल झालेली असते. पुन्हा बांधा.

याच वेळात पहिली चुणूक मिळते. एका ठिकाणी नुसतं गरम वाटतं, दुखत नाही. बहुतेक जण ‘पुढच्या टप्प्यावर बघू’ म्हणतात आणि पुढच्या टप्प्यावर फोड आलेला असतो. फोड येतो कसा, हे कळलं की ही चालढकल थांबते. त्वचा मोज्याला आणि बुटाला धरून राहते, आतलं हाड मात्र पावलागणिक पुढे-मागे सरकतं. त्वचेचे थर असे उलटसुलट ताणले जाऊन आतल्या आत फाटतात आणि त्या पोकळीत पाणी भरतं. म्हणजे गरम वाटतं तेव्हा ताणाताणी सुरू झालेली असते, फाटायचं बाकी असतं. हातात काही मिनिटंच आहेत.

तिथल्या तिथे बसा, बूट-मोजा काढा. मोज्यात सुरकुती किंवा खडा आहे का ते पाहा. त्वचा पुसून पूर्ण कोरडी करा आणि पट्टी लावा, कडा गोल कापून, म्हणजे कोपरे उचलले जात नाहीत. महागडी पट्टी लागत नाही. दवाखान्यात मिळते तसली साधी कागदी चिकटपट्टी आधीच लावून २५० किलोमीटरची टप्प्याटप्प्याची शर्यत धावणाऱ्यांवर एक प्रयोग झाला होता. पट्टी लावलेल्या जागी फोडांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. सोबतचे थांबले म्हणून संकोच वाटतो खरा. पण आत्ताची पाच मिनिटं वाचवलीत तर उतरताना त्यांना तुमच्यासाठी तासभर थांबावं लागेल.

फोड आलाच आणि लहान असेल तर फोडू नका, झाका. मोठा आणि टरटरलेला असेल तर निर्जंतुक सुईने कडेला भोक पाडून पाणी काढा. वरची कातडी मात्र ओढून काढू नका, आतल्या नाजूक त्वचेला तेच पांघरूण आहे.

चढ, आडवी वाट, उतार

चढावर टाचेकडे लक्ष द्या. नवा बूट ताठ असतो, चवड्यापाशी नीट वाकत नाही, त्यामुळे टाच किंचित उचलली जाते. दोन-तीन मिलिमीटर असेल तर काळजी नको. सोल वाकायला लागला की ते कमी होतं. टाच स्पष्टपणे वर सरकत असेल, मोजा घासला जात असेल आणि वर सांगितलेल्या गाठींनीही ते थांबत नसेल, तर बुटाच्या टाचेचा आकार तुमच्या टाचेचा नाही. चढावर घोट्यापाशी लेस थोडी सैल ठेवा, नडगी पुढे झुकायला जागा मिळते. पोटऱ्या भरून आल्या तर तो बहुधा चढाचा हिशेब असतो, बुटाचा नाही.

डोंगराच्या कुशीतून आडवी जाणारी वाट एका बाजूला कललेली असते. तिथे पाऊल बुटाच्या आत उताराकडे घसरतं का, करंगळी भिंतीवर दाबली जाते का, घोट्याचं हाड बुटाच्या काठाला घासतं का, हे बघा. काठाचा ताठपणा आठवड्या-दोन आठवड्यांत मऊ पडतो. करंगळीचं दाबलं जाणं चामड्याच्या बुटात थोडं सुधारतं, सिंथेटिकमध्ये फारसं नाही.

आता उतार. माझ्या मते निम्मी फेरी यासाठीच असते. उतरायला लागण्याआधी थांबा, टाच मागे बसवा, पावलाच्या उंचवट्यावरची आणि घोट्यावरची लेस आवळा, बोटांवरची तशीच सैल ठेवा. मग बऱ्यापैकी उतरती, सुरक्षित जागा बघून खाली तोंड करून उभे राहा आणि बुटाचं टोक जमिनीवर तीन-चार वेळा हलकेच ठोका. बोटं पुढे आपटली? लेस पुन्हा, आणखी काळजीने बांधा आणि परत ठोका. तरीही आपटली तर परीक्षेचा निकाल लागला. हे सैल होण्याने जाणार नाही, जाड मोज्याने तर नाहीच. जाड मोजा उलट जागा खातो. सॅकमधले जुने बूट घाला आणि खाली या.

नाही आपटली तर किमान अर्धा तास सलग उतरा. घाईने उतरा, सावकाश उतरा, पायरीसारख्या दगडांवरून उतरा. मध्येच बोटांना मुंग्या आल्या किंवा बधिर वाटलं तर आधी लेस सैल करून पाहा. लेस सैल करूनही तसंच राहत असेल तर बूट चवड्यापाशी अरुंद आहे.

पकड

कोऱ्या सोलवर कारखान्यातल्या साच्याचा तुकतुकीतपणा असतो, म्हणून पहिले एक-दोन किलोमीटर मोठ्या विश्वासाने पाय टाकू नका. सोल थोडा घासला गेला की पकड येते. त्यानंतर कमी उंचीच्या, पडलो तरी लागणार नाही अशा दगडावर पूर्ण तळवा टेकवून आणि नुसत्या कडेवर, असं दोन्ही प्रकारे उभं राहून पाहा. मोकळ्या मातीवर आणि मुरमावर सोलच्या दातांची खोली कामाला येते, उघड्या कातळावर रबराचा मऊपणा. म्हणून मातीत झक्कास चालणारा बूट कातळावर निराशा करू शकतो. टोकदार दगडाची धार तळव्याला कितपत टोचते तेही बघा, दिवसभराच्या चालीत तळवे दुखणार की नाही ते यातून कळतं.

ही दातेरी रबरी सोल आज आपण गृहीत धरतो. १९३५ मध्ये इटलीच्या आल्प्समध्ये विताले ब्रामानी या गिर्यारोहकाचे सहा साथीदार वादळात मरण पावले. तेव्हाच्या बुटांची बर्फाळ कातळावर धड पकड नव्हती. त्याने १९३७ मध्ये रबरी सोल आणली, आणि त्याच्याच नावाच्या दोन तुकड्यांतून व्हिब्रम हे त्या सोलच्या कंपनीचं नाव झालं. सोलखालची ती पिवळी अष्टकोनी खूण अनेकांनी पाहिलेली असते, तिच्यामागची ही गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते.

घरी आल्यावर

बूट काढल्या काढल्या पाय धुऊ नका. आधी बघा. लाल खुणा म्हणजे बूट कुठे चावला याचा नकाशाच असतो, फोनमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा. अर्ध्या तासात मावळणारी लाली ठीक आहे. तासाभरानेही राहिलेली, किंवा हाडाच्या टोकावर उमटलेली, पुढच्या फेरीला त्रास देणार. नखं दाबून पाहा, दुखत असतील तर बोटं आपटत होती, तुम्हाला जाणवलं नसलं तरी.

इनसोल काढा, लेस सोडून जीभ बाहेर खेचा आणि बूट सावलीत, वाऱ्यावर सुकू द्या. हीटरपाशी किंवा कडक उन्हात नको, चामडं तडकतं आणि डिंक सुटतो. बूट पाण्यात भिजवून पायातच वाळवायचे, किंवा तापवून मऊ करायचे, हे जुने नुस्खे माझ्या कानावर दर वर्षी येतात. त्यांनी बूट लवकर रुळतो की नाही ते राहू द्या, लवकर मरतो एवढं नक्की.

मग हिशेब मांडा. ताठपणा, काठाचं टोचणं, जिभेचा दाब आणि थोडीशी उचलली जाणारी टाच चालून सुधारते. चामड्याचा बूट रुंदीला थोडा ताणतो, आणि एखाद्या हाडावरच दाब येत असेल तर जाणकार कारागीर तेवढीच जागा फुगवून देऊ शकतो. बूट एकंदर ढगळ वाटत असेल तर जाड इनसोलने पोकळी भरता येते. आखूड लांबी, तुमच्या पायाशी न जुळणारी टाच आणि सिंथेटिक बुटाचा अरुंद चवडा, यांवर इलाज नाही. पैसे गेले म्हणून तो बूट पुढच्या ट्रेकला नेणं म्हणजे पैशांबरोबर ट्रेकही घालवणं. शहरात घाला, लहान पायाच्या मित्राला द्या.

पुढच्या फेऱ्या

पहिल्या फेरीत जोडी पास झाली तर दुसरी ८ ते १० किलोमीटरची करा आणि या वेळी पाणी शोधा. ओल्या दगडावर, शेवाळ टाळून, पकड बघा. बूट वॉटरप्रूफ असेल तर उथळ पाण्यातून चाला. गोर-टेक्ससारखा पातळ पडदा बाहेरचं पाणी रोखतो आणि घामाची वाफ बाहेर जाऊ देतो, पण गरम हवेत घाम त्याच्या आवाक्याबाहेर जातो आणि मोजा आतून ओला होतो. पाणी काठावरून आत शिरलं तर तोच पडदा ते आत धरून ठेवतो, आणि असा बूट साध्या जाळीदार बुटापेक्षा फार हळू वाळतो. ओल्या पायांनी तासभर चालून काय होतं, हे याच फेरीत कळून घ्या.

तिसरी फेरी पूर्ण दिवसाची, पूर्ण वजनाची. पाचव्या-सहाव्या तासाला पाय सर्वांत सुजलेला असतो, तेव्हा पुन्हा एकदा उतारावर टोक ठोकून पाहा. जाड चामड्याच्या, ताठ सोलच्या बुटांना याच्या पुढेही एक-दोन फेऱ्या लागतात. हलक्या सिंथेटिक बुटांना एवढ्या पुरतात, तिथे बुटापेक्षा पायच बुटाला सरावत असतो. मोठ्या ट्रेकच्या तारखेआधी तीन-चार आठवडे हातात ठेवा, म्हणजे मधल्या फेरीत जोडी नापास झाली तरी दुसरी घेऊन तिलाही वाटेवर न्यायला वेळ राहतो.

या सगळ्या फेऱ्यांत जुनी जोडी सॅकमध्ये असू द्या. ज्या दिवशी संध्याकाळी घरी आल्यावर ती सॅकमधून काढताना आठवेल की दिवसभर तिची आठवणच झाली नव्हती, त्याच्या पुढच्या वेळी ती घरी ठेवा.